हिवाळी प्रवासाचे ठिकाण आणि हवामान

भारतात हिवाळा म्हणजे सर्वत्र कोरडी, सुखद थंडी असा समज महाराष्ट्रातील अनुभवावरून होत असला, तरी प्रवासाचे ठिकाण निवडताना तो फसवा ठरतो. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाळाच असतो; ईशान्येकडून येणारे मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलून आणतात आणि चेन्नईला वर्षातील निम्म्याहून अधिक पाऊस याच काळात मिळतो. म्हणून तंजावरसाठी जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी अधिक सोयीचे; बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले राजघराण्याचा मराठी शिलालेख सावकाश वाचायचा, तर कोरडी हवा हवीच.

उत्तरेची अडचण निराळी आहे. डिसेंबरअखेर ते जानेवारीत, निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने निवते आणि तिच्यालगतच्या दमट हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हे ‘प्रारण धुके’ पंजाबपासून बिहारपर्यंत पसरून रेल्वे व विमानांची वेळापत्रके कोलमडवते, त्यामुळे आग्रा-वाराणसीचा बेत नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीच्या मध्यानंतर आखणे शहाणपणाचे. (जाहिरातींतील पहाटेचा ताजमहाल नेहमीच स्वच्छ दिसतो, हा भाग वेगळा.)

कच्छच्या रणाला मात्र हिवाळाच लागतो, कारण पावसाळ्यात साचलेले उथळ पाणी आटून मिठाचा पांढरा थर उघडा पडण्यास साधारण डिसेंबर उजाडतो. तोवर पायाखाली चिखलच लागतो.