टीसीएलचं पाणी पिण्याला चांगलं, लेन्सला नव्हे

पूर्वी खेड्यात नंबर लागला की चष्मा, एवढंच ठाऊक होतं. आता शहरात शिकणारी पोरं-पोरी कॉन्टॅक्ट लेन्स घालून सुट्टीला गावी येतात. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमातही चष्मा नको म्हणून लेन्स येतात. (चष्म्यावरून स्थळ नाकारणाऱ्यांचीच नजर तपासायला हवी, पण तो विषय वेगळा.)

गावी द्रावणाची बाटली संपते, तालुक्याला जाणं होत नाही. मग घरातलं कुणी म्हणतं, "आपल्या पाण्यात टीसीएल असतंय, सगळा गाव पितोय. त्यातच ठेव की." इथंच घात होतो.

ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल टाकते ती कॉलऱ्यासारख्या रोगांच्या जंतूंसाठी. त्या कामाला ती चोख आहे. पण विहीर, नळ, तळं, माती, सगळीकडे अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो आणि पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. पाणी पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही. लेन्सला चिकटून तो बुबुळावर गेला, तर मात्र फूल पडतं, असह्य ठणका लागतो. औषधं महिनोन् महिने चालतात. कधी नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवण्याची पाळी येते. म्हणून लेन्सला उकळलेलं, फिल्टरचं, बॅटरीत घालायचं, कुठलंच पाणी नको. मेडिकलमधलं सलाईनही नको. त्याने लेन्स धुतली जाते, जंतू मरत नाहीत.

तुमच्या घरी लेन्स वापरणारं कुणी असेल तर एवढं बघा. हात साबणाने धुऊन पुरते कोरडे करायचे. लेन्स तळहातावर घेऊन तिच्याच द्रावणाने बोटाने हलकी चोळायची. बाटलीवर "चोळण्याची गरज नाही" असं छापलेलं असलं तरी चोळायचीच. मग द्रावणानेच धुऊन डबीत ताजं द्रावण भरून बुडवायची. कालचं उरलेलं फेकायचं, त्यात भर घालायची नाही. शिळ्या कालवणात ताजं ओतल्यासारखं ते होतं. डबीही द्रावणानेच धुऊन पालथी वाळवा आणि तीन महिन्यांनी बदला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण असेल तर ते त्याच्याच डबीत, किमान सहा तास. त्याआधी लेन्स घातली तर डोळा भाजून निघतो.

हरभऱ्यावर मर आणणारी फ्युजारियम बुरशी तुम्हाला माहीत आहे. तिच्याच कुळातल्या बुरशीने 2006 साली सिंगापूर, अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्या अनेकांचे डोळे बिघडले. त्या वेळी एका कंपनीला आपलं द्रावण जगभरातून परत घ्यावं लागलं.

फवारणी, मळणी, कालव्यात पोहणं, झोप, या वेळी लेन्स काढलेली बरी. गावी आल्यावर चष्मा सोबत असू द्या.

डोळा लाल झाला, उजेड सोसेना, तर लेन्स लगेच काढा. मध, अंगावरचं दूध, मेडिकलमधून मागून आणलेले स्टिरॉइडचे थेंब, यातलं काही घालू नका. लेन्स आणि डबी फेकू नका. दोन्ही तशीच घेऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. कुठला जंतू आहे, हे त्यावरूनही कळू शकतं.