कोंभाळणे : बियाणं राखणाऱ्या बायकांचं गाव

माझ्या सासूबाईंची एक सवय होती. परसातल्या घेवड्याला शेंगा धरल्या, की पहिल्या बहरातल्या चांगल्या टपोऱ्या शेंगांना त्या लाल चिंधी बांधून ठेवायच्या. "याला हात लावायचा नाही हं!" असं बजावायच्या. मी तेव्हा नवी सून. मनात म्हणायची, घरात भाजीला शेंगा कमी पडताहेत आणि या वेलावर वाळवून घालवताहेत!

पुढे आम्ही शहरात राहायला आलो. सामान आवरताना राखेनं माखलेलं एक गाडगं हाती लागलं. मी ते खुशाल कचऱ्यात टाकलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण तो घेवडा पुन्हा आमच्या ताटात आला नाही. किती मंडया हिंडले, तरी ती चव नाही ती नाहीच.

कोंभाळण्याची हकिकत कळली तेव्हा ते गाडगं डोळ्यांपुढे आलं. मैत्रिणींनो, म्हणूनच आज तुम्हाला या गावाविषयी सांगावंसं वाटतं.

काळ्या दगडाचा मुलूख

कोंभाळणे हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं लहानसं गाव. विदर्भातलं अकोला ते वेगळं, हे अकोले सह्याद्रीच्या कुशीतलं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्याच्या हद्दीवर आहे.

हा सारा मुलूख ज्वालामुखीनं घडवलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा. म्हणून इथले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा दगड तोच हा!

पण या दगडाची एक खोड आहे. तो कठीण, त्यात पाणी फारसं मुरत नाही. तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटमाथ्यावर पाऊस नुसता कोसळतो आणि पूर्वेकडे यावं तसा झपाट्यानं कमी होतो. जो पडतो तोही उतारावरून धावत निघून जातो. पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्या बायकांनाच उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण करावी लागते. उतारावर मातीचा थर पातळ, तिथे नागली आणि वरई. खोलगट जागी भाताची खाचरं. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी. पेरणी, लावणी, निंदणी, कापणी यांतलं कुठलं काम बायकांच्या हाताविना होतं, ते सांगा!

अशा जमिनीत टिकणारं बियाणं शेकडो वर्षांत निवडून निवडून तयार झालं. काळभात, रायभोग, जिरवेल ही इथल्या जुन्या भातांची नावं. नावं घेतानाच पंगतीची आठवण यावी अशी!

नातवाच्या आजारपणातून

मग संकरित बियाणं आलं. पीक भरघोस येऊ लागलं. भुकेच्या दिवसांत त्यानं मोठा आधार दिला, हे नाकारून चालणार नाही. पण त्याचं एक मर्म आहे. संकरित पिकाचं बी राखून पुन्हा पेरलं, तर पहिल्यासारखं पीक येत नाही. म्हणजे दरवर्षी नवी पिशवी विकत घ्यायची. शिवाय खत आणि औषधं हवीत, ती वेगळीच. जी गोष्ट घरातल्या बाईच्या गाडग्यात होती, ती दुकानात गेली.

कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे यांना हे खटकलं. त्यांचा जन्म १९६४ सालचा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. घरातला नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपण फवारलेल्या भाज्या खातो त्याचा तर हा परिणाम नसेल? आजीच्या काळजीतून काम सुरू झालं. त्यांनी जुनं गावठी बियाणं शोधून जमवायला घेतलं. मूठभर इथून, ओंजळभर तिथून. एकट्या घेवड्याचे आणि वालाचेच कितीतरी प्रकार त्यांच्याकडे साठले.

१९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेची त्यांना साथ मिळाली. पडीक असलेली दोन एकर जमीन त्यांनी लागवडीखाली आणली. धावणारं पाणी अडवलं, भाजीपाला पिकवला. आसपासच्या बायकांना एकत्र करून कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. राहीबाईंच्या घरीच बियाण्यांची बँक आहे. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं आणि ते नाव सर्वतोमुखी झालं. ८ मार्च २०१९ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

मला विचाराल, तर या गावाची थोरवी पुरस्कारांत नाही. बाई नुसती राबत नाही, कोणतं बी ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे ती ठरवते. ते ज्ञान म्हणजे तिची मिळकतच! आपण शहरात आलो आणि ही मिळकत जुनाट म्हणून टाकून दिली.

आपल्या गच्चीत हे जमेल का?

का नाही जमणार? एखादं जुनं टब किंवा पत्र्याचा डबा, तळाला भोकं, निम्मी माती, निम्मं शेणखत. मृगाच्या सरी आल्या की गावठी घेवड्याचे तीन-चार दाणे टोचा आणि वेलाला दोरीचा आधार द्या. थंडी पडू लागली की फुलं येतील. पुढचं असं करा :

१. सर्वांत निरोगी वेल निवडा. त्यावरच्या पहिल्या बहरातल्या भरदार शेंगा तोडू नका.

२. शेंगा वेलावरच खडखडीत वाळू द्या. मग सोलून दाणे सावलीत पुन्हा वाळवा. किडके, सुरकुतलेले काढून टाका.

३. चुलीची राख मिळाली तर चाळून, अगदी थंड झाल्यावर दाण्यांना चोळा. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. गाडगं नसेल तर घट्ट झाकणाची कोरडी बरणी चालेल. ओलाव्यापासून जपा.

४. बरणीवर नाव आणि साल लिहा. आपल्या आठवणीवर विसंबू नका!

५. पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सात-आठांना मोड आले तर बियाणं चांगलं समजा.

सुरुवात वाल, घेवडा, चवळी यांपासून करा. त्यांचं बी बहुधा शुद्ध राहतं. दुधी, भोपळा, काकडी यांचं तसं नाही. शेजारच्या वेलाचा पराग लागला की पुढच्या पिढीत भेसळ होते. आणि हो, बाजारातल्या पाकिटातलं रंगवलेलं बी पेरण्यासाठीच असतं, त्याला औषध लावलेलं असतं. ते चुकूनही खाण्यात येऊ देऊ नका. मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

परवा माहेरच्या गावाहून मी घेवड्याचं मूठभर बी मागवलं. सासूबाईंच्या वेलाचंच ते असेल, असं नाही. तरी कुंडीत चार वेल चढले आहेत. यंदा शेंगा आल्या की लाल चिंधी मी बांधणार आहे. आणि सुनेनं विचारलं, "आई, एवढ्या कोवळ्या शेंगा वाया का घालवता?" तर तिला जवळ बसवून कोंभाळण्याची गोष्ट सांगणार आहे. सासूबाईंनी मला सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.