शीतलकाची गळती, मोटारगाडीच्या एंजिनातील

द्रवाने थंड केल्या जाणाऱ्या एंजिनाच्या शीतलन यंत्रणेतून द्रव सतत कमी होत जाणे म्हणजे शीतलकाची गळती होय. पाणी, एथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण शीतलक म्हणून सामान्यतः वापरतात. जुन्या गाडीत नळी किंवा पंप बदलूनही गळती पुनःपुन्हा उद्भवते. द्रव जेथे दिसतो तेथूनच तो सुटतो असे नसल्यामुळे पुष्कळदा असे घडते. म्हणून भाग बदलण्यापूर्वी गळतीचा उगम निश्चित करणे आवश्यक असते.

दाब व टोपण : शीतलन यंत्रणा बंदिस्त असून रेडिएटरच्या टोपणातील स्प्रिंगयुक्त झडप तिच्यातील दाब राखते. वातावरणीय दाबापेक्षा सुमारे ०·५ किग्रॅ./चौ. सेंमी. अधिक दाब असल्यास पाणी १००° ऐवजी सुमारे १११° से. तापमानास उकळते. टोपणाची रबरी बैठक झिजल्यास हा दाब टिकत नाही व द्रव उतू जातो. अशा वेळी इतरत्र कोठेही भेग नसते. त्यामुळे तपासणीची सुरुवात टोपणापासून करतात. तापलेल्या एंजिनाचे टोपण उघडल्यास वाफ व उकळता द्रव उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो.

बाह्य गळती : एंजिन थंड असताना टोपणाच्या जागी दाबमापक असलेला हातपंप बसवून टोपणावर अंकित केलेल्या मर्यादेपर्यंत दाब देतात. काही मिनिटांत काटा उतरू लागल्यास गळती आहे असे ठरते. मग ओलाव्याचा माग वरच्या दिशेने काढतात. द्रव सुकल्यावर मागे राहिलेले पांढरे, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचे डाग येथे उपयोगी पडतात. पंपाच्या तळाशी मुद्दाम ठेवलेल्या छिद्रातून द्रव ठिबकणे हे त्याची आतील मोहोर झिजल्याचे चिन्ह होय. नळ्यांची टोके पकडपट्टीखाली चिरतात. तेथील गळती एंजिन निवल्यावर दिसते व तापल्यावर प्रसरणामुळे थांबू शकते. सिलिंडर ठोकळ्याच्या ओतीव भोकांवरील पत्र्याच्या चकत्या आतून गंजतात. त्यांपैकी काही गिअरपेटीच्या आड असल्याने सहज दिसत नाहीत. गाडीत तापक असल्यास त्याच्या गळतीने आतील सतरंजी ओली होते व समोरच्या काचेवर चिकट धुके धरते.

अंतर्गत गळती : दाब उतरतो पण बाहेर कोठेही ओल नाही, अशा वेळी सिलिंडर माथ्याखालील गास्केटाचा संशय येतो. प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनात ठोकळा बिडाचा व माथा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असे. ॲल्युमिनियमचे औष्णिक प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट असल्याने अशा रचनेत गास्केटावर अधिक ताण पडतो. एंजिन चालू असताना ज्वलनकोठीतील दाब शीतलकाच्या दाबाच्या अनेक पट असतो. म्हणून वायू शीतलकात शिरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. एंजिन थांबल्यावर उलट घडते. शीतलकाचा उरलेला दाब द्रवाला सिलिंडरमध्ये ढकलतो व पुढच्या वेळी एंजिन सुरू करताना दाट पांढरी वाफ बाहेर पडते. शीतलकावरील वायू निळ्या ब्रोमोथायमॉल द्रावणातून ओढल्यास त्यातील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे द्रावण पिवळे होते. शेजारच्या दोन सिलिंडरांत संपीडन कमी आढळल्यास त्यांच्यामधील गास्केट जळाल्याचा संभव असतो. वंगण तेल दुधाळ होणे हेही शीतलक त्यात मिसळल्याचे लक्षण आहे. मात्र केवळ तेलाच्या झाकणाखाली दिसणारा साय-सारखा थर थंड हवेतील अल्प अंतराच्या प्रवासांमुळेही येतो.

परिणाम व उपाय : दुर्लक्षित गळतीमुळे एंजिन अतितप्त होऊन माथा वाकतो. तेलात शीतलक मिसळल्यास धारवे खराब होतात. द्रव असंपीड्य असल्याने सिलिंडरमध्ये साचलेल्या द्रवामुळे संयोगदांडा वाकू शकतो. गळती बुजविणारी चूर्णे सूक्ष्म छिद्रे तात्पुरती बंद करतात, परंतु रेडिएटरच्या अरुंद नळ्याही तुंबवू शकतात. गास्केट बदलताना माथ्याची सपाटी तपासणे आवश्यक असते, नाहीतर नवे गास्केटही लवकरच निकामी होते. एथिलीन ग्लायकॉल गोडसर व विषारी असल्याने सांडलेले शीतलक मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे लागते.