ड्रायव्हरची परीक्षा आणि स्वयंसेवी परीक्षक

संगणकाला छपाईयंत्र जोडले, आज्ञा दिली आणि छापील कागद हाती आला की काम झाले, असे आपण मानतो. परंतु आज्ञा आणि कागद यांच्या दरम्यान एक आज्ञावली निमूटपणे राबत असते. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणजेच चालक-आज्ञावली असे म्हणतात. ती नीट चालते तोवर तिचे अस्तित्वही जाणवत नाही. बिघडली म्हणजे मात्र चांगले यंत्रही निरुपयोगी ठरते. अशा आज्ञावल्या सर्वांच्या हाती पडण्यापूर्वी त्या स्वतःच्या संगणकावर चालवून पाहणारे आणि त्यांतील दोष कळविणारे हजारो स्वयंसेवक जगभर आहेत. त्यांच्या कार्याचे स्वरूप काय आणि ते आवश्यक का ठरते, याची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल.

चालक-आज्ञावलीचे कार्य

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. बाजारात असंख्य प्रकारची छपाईयंत्रे, नेटवर्क कार्डे, कॅमेरे व ध्वनियंत्रणा मिळतात. त्या प्रत्येकाची रचना कार्यप्रणालीला अवगत असणे शक्य नसते. म्हणून प्रत्येक उपकरणासाठी एक दुभाषा नेमावा लागतो. कार्यप्रणालीची आज्ञा उपकरणाला कळेल अशा संकेतांत सांगणे आणि उपकरणाचे उत्तर परत आणून देणे, हे त्या दुभाष्याचे, म्हणजे चालक-आज्ञावलीचे काम होय.

या दुभाष्याला मोठे अधिकार द्यावे लागतात. अनेक चालक-आज्ञावल्या कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात चालतात. पत्रलेखनाच्या आज्ञावलीत दोष निघाला तर बहुधा ती एकटीच बंद पडते. गाभ्यातील चालक-आज्ञावली चुकली तर सबंध संगणकच ठप्प होऊ शकतो. म्हणूनच तिची परीक्षा अधिक कसोशीने घ्यावी लागते.

प्रयोगशाळेच्या मर्यादा

आज्ञावलीची पहिली परीक्षा ती तयार करणाऱ्या संस्थेतच होते. ग्रीक वर्णमालेतील पहिल्या अक्षरावरून तिला ‘अल्फा’ चाचणी म्हणतात. त्यानंतर संस्थेबाहेरील निवडक लोकांच्या हाती आज्ञावली देऊन घेतली जाणारी दुसरी परीक्षा ती ‘बीटा’ चाचणी.

ही दुसरी परीक्षा टाळता येत नाही. एकच नेटवर्क कार्ड शेकडो प्रकारच्या संगणकांत बसविलेले असते. कोठे जोडणी निराळी, कोठे शेजारचे उपकरण निराळे, तर कोठे संगणक झोपेतून जागा होण्याची पद्धत निराळी. या सर्व जुळण्या एका छताखाली जमविणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारे नाही. लोकांच्या घरी व कार्यालयांत मात्र त्या आधीच विखुरलेल्या असतात. स्वयंसेवक ही उणीव भरून काढतात. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली सुरू केलेल्या ‘विंडोज इन्सायडर’ कार्यक्रमात लाखो लोकांनी आगामी आवृत्त्या आपापल्या यंत्रांवर चालवून पाहिल्या.

लिनक्स या कार्यप्रणालीच्या बाबतीत ही पद्धत अधिक उघडपणे पाहावयास मिळते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरव्हाल्डस यांनी १९९१ साली तिच्या गाभ्याचा आरंभ केला. या गाभ्याच्या मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग चालक-आज्ञावल्यांनी व्यापलेला आहे. साधारणपणे दर नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल स्वीकारले जातात. त्यानंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे सात-आठ प्रकाशनपूर्व आवृत्त्या काढल्या जातात. या काळात केवळ दोषदुरुस्ती व्हावी, असा दंडक आहे.

२००८ सालचा धडा

स्वयंसेवकांच्या कार्याचे मोल आणि त्यातील जोखीम या दोन्ही गोष्टी २००८ साली एकाच वेळी प्रत्ययास आल्या. लिनक्स गाभ्याची २.६.२७ ही आवृत्ती तेव्हा चाचणीत होती. ती चालविणाऱ्या काही परीक्षकांची इंटेल कंपनीची नेटवर्क कार्डे अकस्मात बंद पडली. संगणक पुन्हा सुरू करूनही ती जागी होईनात. जुनी आवृत्ती घातली तरी उपयोग होईना. कार्डाच्या कायम स्मृतीत साठविलेली, त्याला चालू होण्यास आवश्यक असणारी माहितीच पुसली वा बिघडली होती. त्या माहितीची प्रत आधी काढून ठेवलेली असेल तरच ती पुन्हा भरता येण्याची आशा होती.

अहवाल येऊ लागताच लिनक्स वितरित करणाऱ्या संस्थांनी आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून ‘ई१०००ई’ ही चालक-आज्ञावली तात्पुरती बंद केली. इंटेलच्या अभियंत्यांनी कार्डाच्या स्मृतीवर काहीही लिहिले जाऊ नये म्हणून तिला कुलूप घालणारी दुरुस्ती केली. ९ ऑक्टोबर २००८ रोजी आवृत्ती प्रसिद्ध झाली ती या संरक्षणासह.

मूळ कारण त्यानंतर उमगले. प्रथम संशय साहजिकच चालक-आज्ञावलीवर होता. प्रत्यक्षात दोष गाभ्याच्या कामकाजाचा माग काढणाऱ्या एका नव्या सोयीत होता. स्मृतीतील काही आज्ञांचे पत्ते ही सोय टिपून ठेवीत असे. त्या आज्ञांचे काम संपल्यावर ती जागा रिकामी होई आणि तेथे नेटवर्क कार्डाची स्मृती जोडली जाई. माग काढणारी सोय मात्र जुन्याच पत्त्यावर लिहीत राही. भाडेकरू बदलला तरी जुन्या पत्त्यावर टपाल पडत राहावे, तसाच हा प्रकार. त्याच महिन्यात निघालेल्या २.६.२७.१ या आवृत्तीत ती सोय बंद करण्यात आली.

काही परीक्षकांना आपली कार्डे गमवावी लागली, हे खरे. परंतु त्यांनी वेळीच कळविले नसते तर हाच दोष सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या संगणकांत शिरला असता.

उपयुक्त अहवाल कसा असावा?

परीक्षकाचे खरे काम आज्ञावली चालविण्याचे नसून नेमकी नोंद करण्याचे आहे. ‘यंत्र चालत नाही’ एवढ्यावरून अभियंत्याला काहीच बोध होत नाही. उपकरणाचा नमुना व आवृत्ती, यापूर्वी नीट चाललेली शेवटची आवृत्ती, बिघाडापूर्वी केलेल्या कृतींचा क्रम, पडद्यावरील वा नोंदवहीतील संदेशाचे जसेच्या तसे शब्द आणि तोच बिघाड पुन्हा घडवून आणता येतो किंवा नाही, एवढी माहिती अहवालात असावी. मात्र नोंदवहीतील मजकूर पाठविण्यापूर्वी त्यात वैयक्तिक वा कार्यालयीन माहिती नाही याची खात्री करून घ्यावी.

आवृत्ती चालली आणि पुढची बिघडली, एवढे निश्चित असेल तर दोषी बदल शोधण्याची एक सुटसुटीत रीत आहे. दोन्हींमधील बदलांच्या यादीचे दोन भाग करावयाचे, मधली स्थिती तपासावयाची आणि दोष ज्या बाजूस असेल तो भाग पुन्हा दुभागावयाचा. या रीतीने एक हजार बदलांतील नेमका दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत, तर सोळा हजारांतील सुमारे चौदा चाचण्यांत सापडतो. यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही, चिकाटी हवी. दोष कळविणाऱ्याचे आणि दुरुस्ती तपासणाऱ्याचे नाव लिनक्समध्ये त्या बदलाबरोबर कायमचे नोंदविण्याचा प्रघात आहे.

परीक्षेला फाटा दिल्यास

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांना नवा माहितीसंच पाठविला. तो वाचणारी आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात चालत होती. तिच्याजवळ २० नोंदी असताना नव्या संचाने २१ वी नोंद मागितली आणि संगणक कोसळले. सदोष संच ७८ मिनिटांत मागे घेण्यात आला. तरीही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना त्याचा फटका बसला. विमानसेवा, बँका व रुग्णालये यांचे कामकाज अनेक देशांत विस्कळीत झाले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन विमानात बसावे लागले. हा संच आधी थोड्या संगणकांवर आणि मग क्रमाक्रमाने इतरांकडे असा पाठविला गेला नव्हता. पुढे कंपनीने टप्प्याटप्प्याने वितरणाची पद्धत स्वीकारली.

कार्यालये व शाळांनी घ्यावयाची दक्षता

या दोन घटनांचा बोध स्पष्ट आहे. परीक्षा कोठेतरी होणारच. ती सावध व माहीतगार परीक्षकाच्या यंत्रावर व्हावी, की अनभिज्ञ नागरिकाच्या, एवढाच प्रश्न असतो. म्हणून ‘बीटा’ असे लिहिलेली आज्ञावली ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या अथवा कार्यालयाच्या रोजच्या संगणकावर घालू नये. जेथे एकाच संगणकावर दाखले निघतात, तेथे तो बंद पडणे म्हणजे नागरिकाला हेलपाटा घालावयास लावणे होय. अनेक संगणक असलेल्या कार्यालयाने नवी चालक-आज्ञावली प्रथम एका यंत्रावर काही दिवस चालवून पाहावी, जुनी आवृत्ती जपून ठेवावी आणि माहितीची प्रत नियमितपणे काढावी.

तथापि, शाळेत वापरातून बाजूस काढलेला परंतु चालू स्थितीतील संगणक असेल तर जिज्ञासू विद्यार्थ्यांना तो अशा चाचणीसाठी देता येईल. निरीक्षण करणे, पाहिले तेवढेच लिहिणे आणि तर्काला नोंदीचा आधार देणे, ही विज्ञानाची शिस्त त्यांना त्यातून लाभेल. शिवाय त्यांनी कळविलेला एखादा दोष दुरुस्त झाल्यास कोठल्या तरी दूरच्या कार्यालयातील छपाईयंत्र विनातक्रार चालू राहील.