मक्याचा देश आणि त्याची दोन टोके

मेक्सिको नावाचा एक देश आहे. तो अमेरिकेच्या दक्षिणेला, अगदी शिवेला शीव लागून आहे. तिथले मुख्य अन्न मका. आपली भाकरी, तशी त्यांची टॉर्टिया. मक्याचीच, पण पातळ.

पूर्वी या देशात बाहेरच्या मालावर जबर जकात असे. पुढे सरकारचे धोरण पालटले. १ जानेवारी १९९४ रोजी मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा यांचा करार सुरू झाला. जकात हळूहळू उठवायची आणि माल मोकळेपणी येऊ-जाऊ द्यायचा, असे ठरले. नियम साऱ्या देशाला एकच. तेव्हा फळही सगळीकडे सारखेच मिळाले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही.

उत्तरेची टिहुआना, हुआरेस ही शहरे अमेरिकेच्या वेशीवरच आहेत. सुटे भाग जोडून माल बनवणारे कारखाने तिथे १९६५ पासून होतेच. करारानंतर ते फार वाढले. मोटारीच्या तारा, टेलिव्हिजन, कपडे बनवायचे आणि ट्रकवर चढवायचे. पलीकडे गिऱ्हाईक तयार! मजुरी अमेरिकेच्या मानाने थोडी, हे खरे. पण हाताला काम मिळाले.

आता दक्षिणेला चला. चियापास, ओआहाका हा डोंगराळ मुलूख. अमेरिकेची सीमा शेकडो किलोमीटर दूर. सडका वाईट, शाळा थोड्या. शेतकऱ्याजवळ जमीन थोडकी, तीही पावसावर. कारखानदार इथे कशाला येतो? आपल्याकडेही सडकेवरच्या गावाची भाजी पहाटे बाजारात पोचते, ओढ्यापलीकडच्या गावाची चिखलात अडकते. तसेच हे.

कारखाना आला नाही, पण अमेरिकेचा मका देशात आला. तो मोठमोठ्या शेतांत यंत्राने पिकवलेला. शिवाय तिथल्या सरकारची शेतकऱ्याला मदत. तो स्वस्त पडे. मग मेक्सिकोतल्या मक्याचा भावही उतरला.

करार सुरू झाला त्याच दिवशी चियापासच्या आदिवासी शेतकऱ्यांनी हत्यारे उचलून बंड केले. त्यांची गरिबी जुनी, जमिनीचे गाऱ्हाणेही जुने. सारा दोष कराराच्या माथी मारणे बरोबर नाही. पण माझ्या मते दरवाजा उघडण्याआधी दक्षिणेला सडका, पाणी आणि शाळा द्यायला हव्या होत्या.

२०२० साली जुना करार जाऊन नवा आला. व्यापार चालूच राहिला. दक्षिणेचे कित्येक तरुण उत्तरेच्या कारखान्यांत गेले, कुणी सीमा ओलांडून अमेरिकेत गेले. ते घरी पैसे पाठवतात. मागे राहिलेली माणसे अजून मका पेरतात, पुष्कळजण घरी खाण्यापुरताच.