आराखड्यात आमची मुलगी कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागाच्या खिडकीशी एक बाई आली. मुलीची मूळ कागदपत्रे तिला परत हवी होती. चार घरची धुणीभांडी करून तिने मुलीला एम.ए.ला घातले होते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, खोलीचे भाडे थकले. मी म्हटले, "ताई, परीक्षा तरी देऊ द्या तिला." ती म्हणाली, "भाऊ, घरमालक थांबत नाही ना!" मी रजिस्टरवर सही घेतली आणि कागद दिले.

त्याच आठवड्यात विभागाचा दहा वर्षांचा आराखडा माझ्याकडे टाईप करायला आला. 'शैक्षणिक दर्जा उंचावणे', 'संशोधनास चालना देणे', 'विद्यार्थिसंख्या वाढविणे' अशी ध्येये होती. विद्यार्थी वाढविणार, पण आलेले टिकविणार कसे? त्यावर एक ओळही नव्हती.

बंधुभगिनींनो, आराखडा हा साहेब लोकांचा विषय, असे समजून आपण गप्प बसतो. हे चुकते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाला दर पाच वर्षांसाठी बृहत् आराखडा करावा लागतो. उच्च शिक्षणाच्या सोयींचे न्याय्य वाटप व्हावे, जिथे सोयी पोचल्या नाहीत त्या मागास भागांकडे विशेष लक्ष द्यावे, असे हा कायदाच सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरविले आहे. २०२१-२२ च्या देशपातळीवरील पाहणीत ते २८.४ होते, अनुसूचित जातींचे २५.९. ही वाढ व्हायची तर ज्या घरातून आजवर कोणी विद्यापीठाची पायरी चढले नाही, त्या घरांतली मुले यायला हवीत. मग त्यांची सोय आजच्या आराखड्यात नको का?

मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. मला रकान्यांची भाषा कळते. ध्येयाला चार रकाने हवेत : आज आकडा किती, कोणत्या साली किती व्हायला हवा, जबाबदारी कोणाची आणि पैसा कोणत्या खात्यातून. एकही रकाना कोरा राहिला तर ते ध्येय नव्हे, नुसती इच्छा. 'गळती कमी करणे' ही इच्छा झाली. प्रवेश किती झाले, शेवटच्या परीक्षेला किती बसले, मधले का गेले, याची पाच वर्षांची मोजदाद करून पुढचा आकडा ठरविला, तर ते ध्येय झाले.

प्राध्यापकांच्या जागांचेही तसेच. कोण कोणत्या साली निवृत्त होणार, हे आस्थापना शाखेतल्या जन्मतारखांवरून आजच सांगता येते. तरी जागा रिकामी झाल्यावर धावपळ सुरू होते. बिंदुनामावली तपासून घ्यायची, मंजुरी आणायची, जाहिरात द्यायची. यात वर्षे जातात आणि राखीव जागा अनुशेषात पडून राहते. दहा वर्षांचा तक्ता आधी केला, तर हे काम वेळेत सुरू होईल.

१९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. उच्च शिक्षण गरजू-गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षे होत आली. दार अजून लांबच आहे.

मी घाबरत घाबरत प्रवेश-रजिस्टरवरून एक तक्ता केला आणि आराखड्याला टाचणी लावून आत पाठविला. मॅडमनी बोलावले. वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "हे आपण आधीच का नाही पाहिलं?" आराखड्यात एक कलम वाढले : प्रवेशाच्याच दिवशी वसतिगृह व शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेणे, दर सत्राला गळतीचा तक्ता बैठकीत ठेवणे आणि त्यासाठी एका शिक्षकाची नेमणूक करणे. ती मुलगी मात्र परत आली नाही.

आपल्या मुला-मुलींच्या विभागाचा आराखडा मागून वाचा. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा, २००५ च्या कायद्याचा अर्ज करा. दहा रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हातात आला की ते चार रकाने तपासा. आणि विचारा, यात आमची मुलगी कुठे आहे?