जैसे थे

न्यायसत्तेची सीमा प्रत्यक्ष कोठे दिसते ते पाहून या, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा दिल्लीच्या घुमटाखालील दालनांपेक्षा बंगळूरच्या चामराजपेटेतील ईदगाह मैदान पाहणे मला अधिक सयुक्तिक वाटले. एका कडेला नमाजाची भिंत आणि उरलेल्या मोकळ्या जागेत मुलांची चेंडूफळी, एवढाच तेथील देखावा. परंतु देशातील जवळजवळ कोणत्याही न्यायालयाचा निर्णय तपासण्याची मुभा संविधानाच्या १३६व्या अनुच्छेदाने ज्याला दिली, त्या सर्वोच्च न्यायालयाने आपला हात येथे जाणीवपूर्वक आखडता घेतला.

या मैदानाच्या मालकीच्या वादात वक्फ मंडळाची भिस्त १९६४चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि १९६५ची अधिसूचना यांवर. सरकारचे म्हणणे असे की, १९६४च्या निर्णयामागचा दावा केवळ मनाईहुकुमाचा होता, त्यात मालकी ठरलीच नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये तेथे गणेशोत्सवाला परवानगी देण्यावरून हा वाद पेटला. ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला; तीनच दिवसांपूर्वी सरन्यायाधीशपदी आलेल्या उदय लळितांनी तत्काळ इंदिरा बॅनर्जी, अभय ओक आणि सुंदरेश यांचे पीठ नेमले, आणि त्याच संध्याकाळी 'जैसे थे'चा हुकूम सुटला; बाकीचे सारे प्रश्न उच्च न्यायालयाकडे परत गेले.

मला मोह पडला तो या हुकुमाच्या रचनेचा. तो कोणाला काही देत नाही, कोणाचे काही काढून घेत नाही. कारण मालकी ठरवायची तर दस्तऐवज, साक्षी, उलटतपासणी असा दिवाणी खटाटोप लागतो, आणि तो सणाच्या पूर्वसंध्येला, अंतरिम आदेशावरील अपिलात, उरकता येत नाही. तरीही या रचनेत एक अवघड कळ आहे. 'जसे होते तसे' ठेवायचे, तर आधी कसे होते हे ठरवावेच लागते. म्हणूनच तेथे पूर्वी गणेशोत्सव झालाच नव्हता, ही वस्तुस्थिती सुनावणीत पुढे आली.

चिंता येथूनच सुरू होते. त्याच रात्री कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाने, हुबळीच्या ईदगाह मैदानाची मालकी महापालिकेकडे असल्याचा निर्वाळा पूर्वीच मिळालेला असल्याने चामराजपेटचा हुकूम तेथे लागू नाही असे ठरवून, गणेशोत्सवाला वाट मोकळी केली. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निर्णय सुसंगत. पण सामान्य नागरिकाला मात्र एकाच रात्री दोन मैदानांना दोन न्याय मिळाल्यासारखे वाटते, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण या दोहोंतील भेद मालकीच्या ज्या निर्णयावर उभा आहे, तो हुबळीत झाला होता आणि चामराजपेटेत व्हायचा होता. वरिष्ठ न्यायालयाचा संयम हा न्याय ठरतो तो खालच्या न्यायालयाने मूळ प्रश्न धसास लावला तरच. एरवी तात्पुरत्या हुकुमाचीच वहिवाट होते, आणि ज्या जमिनीची मालकी कोणी ठरवली नाही तिच्यावर प्रत्येक सणाला नवा अर्ज येतो.